भिंतीवरची चित्रे आणि बडोद्याचे एक कलाशिक्षक

चैत्रात गौर बसली की आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांच्या अंगणात चैत्रांगण काढले जात असे. मधोमध झोपाळ्यावर बसलेली गौर आणि तिच्याभोवती शंख, चक्र, गदा, पद्म, चंद्र-सूर्य, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, मोर, गोपद्मे, पाळणा, फणी-करंडा अशी चिन्हांची दाटी. हे सारे पांढऱ्या रांगोळीच्या एका रेषेत, कोठेही हात न थांबवता उतरत असे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आंब्याची डाळ खात आणि पन्हे पीत त्यावरून नजर फिरवीत. कोणाचा हत्ती डौलदार आला आणि कोणाच्या मोराची मान आखूड झाली, याची चर्चा पुढे चार दिवस चाले. दुसऱ्या दिवशी सडा पडला की चित्र नाहीसे होई आणि त्याच जागी नवे उमटे.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही घरातील छायाचित्रांचे जुने अल्बम चाळून पाहिले. मुंजी होत्या, लग्ने होती, रंगविलेल्या पडद्यासमोर ताठ बसलेले आजोबा होते, शाळेच्या निरोपसमारंभाचा समूह होता. चैत्रांगणाचे एकही छायाचित्र नव्हते. एका चित्रात मात्र आमच्या आत्या ओसरीच्या पायरीशी उभ्या आहेत आणि त्यांच्या पावलांजवळ, चौकटीच्या अगदी कडेला, एक कासव आणि अर्धा शंख आला आहे. तो छायाचित्रकाराच्या नकळत आला आहे. त्याला आत्या हव्या होत्या, जमीन नको होती. तीन-चार पिढ्यांच्या त्या कलेचा आमच्या घरातील पुरावा एवढाच.

हे आठवण्याचे कारण असे की, ज्या काळात आमच्या अल्बमांत जमिनीला आणि भिंतीला स्थान नव्हते, त्याच काळात याच शहरातील एक कलाशिक्षक कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांतील जमिनी आणि भिंती टिपत हिंडत होते. ज्योतीन्द्र मानशंकर भट्ट हे त्यांचे पूर्ण नाव. कलाजगत त्यांना ज्योती भट्ट म्हणून ओळखते आणि बडोद्यात ते ज्योतीभाई आहेत. चित्रकार, मुद्राचित्रकार, छायाचित्रकार आणि सुमारे तीन दशके महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेतील अध्यापक, असा त्यांचा परिचय करून देता येईल. ते मराठी नव्हेत. त्यांचा जन्म १९३४ साली भावनगरचा. परंतु ज्या शहरात त्यांची कारकीर्द घडली त्या शहराची आणि ज्या गुरूंपाशी ते शिकले त्यांपैकी एकाची कथा आपल्या बृहन्महाराष्ट्राच्या इतिहासात गुंतलेली आहे. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

बडोद्यात कला शिकविण्याची आणि कॅमेऱ्याची गाठ फार पूर्वीच पडली होती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले, ते प्रामुख्याने रंगकाम, यंत्रविद्या, सुतारकाम, चित्रकला अशा उपयुक्त विद्या शिकविण्यासाठी. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे पहिले प्राचार्य. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेला आणि थोरल्या भावाबरोबर बडोद्यास आलेला एक तरुण या संस्थेत शिकला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नाद त्यांना येथेच लागला. गज्जरांनी त्यांना तीनरंगी ठसे आणि अंधाऱ्या खोलीतील मुद्रणाची कामे शिकण्यासाठी रतलामला धाडले. पुढे गोध्र्यात त्यांनी छायाचित्रांचे दुकान थाटले. प्लेगमध्ये पत्नी व मूल गेल्यावर ते मोडून ते बडोद्यास परतले. त्या काळी कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो अशी समजूत लोकांत होती आणि तिचा त्यांच्या धंद्याला बराच अडथळा झाला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. चित्रपटाचे जनक म्हणून फाळक्यांना सारा देश ओळखतो. छायाचित्रकार म्हणून ते आमच्या शहरात घडले, हे मात्र आम्ही बडोदेकरही अनेकदा विसरतो.

भिंतीवरच्या चित्रांचीही बडोद्याला ओळख होती. दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यात एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. त्यांत महाभारत आहे, कृष्णलीला आहेत, इंग्रज-मराठे युद्धाचे प्रसंग आहेत आणि त्या काळच्या घरगुती जीवनाची दृश्येही आहेत. हा वाडा पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आल्यामुळे ती टिकली. कीर्तिमंदिरात शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंनी १९३९ ते १९४६ या वर्षांत गंगावतरण, मीराबाई, महाभारत आणि ‘नटीर पूजा’ यांवरील भित्तिचित्रे रंगविली. एक वाडा आणि एक स्मारक. दोहोंच्या भिंती मोठ्या माणसांच्या होत्या, म्हणून त्यांवरची चित्रे राहिली. पोळांतील आणि खेड्यांतील सामान्य घरांच्या भिंतींची चिंता करणारे कोणी नव्हते.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा उघडली गेली. चित्रकलेचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीच्या पातळीवर देणारी ही देशातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून नारायण श्रीधर बेंद्रे आले. बेंद्रे इंदूरचे. १९१० साली तेथील मराठी कुटुंबात जन्मलेले आणि इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले. याच देवळालीकरांनी विष्णू चिंचाळकर, देवकृष्ण जोशी आणि मकबूल फिदा हुसेन यांनाही शिकविले. माळव्यात वसलेल्या एका मराठी शिक्षकाने लावलेले रोप गुजरातमध्ये येऊन बहरले, असे आम्ही इंदूरच्या वाचकांना अभिमानाने सांगू शकतो. बेंद्रे १९६६ पर्यंत बडोद्यास होते आणि काही काळ विद्याशाखेचे अधिष्ठातेही होते.

ज्योती भट्ट या संस्थेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. त्यांना दोन प्रकारचे गुरू लाभले. बेंद्र्यांनी युरोपातील आधुनिक चित्रकलेची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडली. कोणत्याही एका शैलीला चिकटून न राहता प्रत्येक शैली हाताने करून पाहावी, असा त्यांचा शिकविण्याचा रोख होता. दुसरे के. जी. सुब्रमण्यन. केरळात जन्मलेले, शांतिनिकेतनात नंदलाल बसू आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्यापाशी शिकलेले आणि १९५१ पासून बडोद्यास अध्यापक असलेले. खेळणी, विणकाम, मातीची भांडी यांकडे कलावंताने आदराने पाहावे, हा शांतिनिकेतनचा संस्कार त्यांच्यामार्फत बडोद्यास पोहोचला. एका गुरूने जग दाखविले आणि दुसऱ्याने घराकडे पाहावयास लावले. भट्टांच्या पुढील सर्व कामात हे दोन्ही संस्कार दिसतात.

विद्यार्थिदशेत ते राजस्थानातील बनस्थळी विद्यापीठात भित्तिचित्राचे तंत्र शिकून आले. ओल्या चुन्यावर रंग चढविण्याची ती कष्टाची विद्या आहे. चुना सुकण्यापूर्वी रेषा पडली पाहिजे आणि पडलेली रेषा मागे घेता येत नाही. रांगोळी टाकणारीलाही हीच शिस्त पाळावी लागते. भिंत म्हणजे काय, तिचा पृष्ठभाग कसा तयार होतो आणि तो किती दिवस टिकतो, याची जाण त्यांना हातांतून आली होती. पुढे कॅमेरा घेऊन ते मातीच्या भिंतींसमोर उभे राहिले तेव्हा ही जाण त्यांच्या कामी आली असणार.

१९५६ मध्ये बेंद्रे, सुब्रमण्यन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ स्थापन केला. त्यात भट्टही होते. १९५९ पासून ते स्वतः अध्यापक झाले. १९६२ मध्ये भावनगरच्या एका घरी काही तरुण चित्रकार जमले आणि त्यांनी एक नवा गट उभारला. त्या घराचा क्रमांक १८९० होता, म्हणून गटाचे नावच ‘ग्रुप १८९०’ पडले. कलाभवनाच्या स्थापनेचे सालही हेच, हा निव्वळ योगायोग. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, गुलाममोहम्मद शेख, हिंमत शाह, राघव कनेरिया यांच्याबरोबर भट्ट या गटात होते आणि अकोल्याचे अंबादासही होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीत त्यांचे एकमेव प्रदर्शन भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि प्रास्ताविक मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत, कवी ऑक्तावियो पाझ यांनी लिहिले. प्रदर्शन गाजले, गट मात्र पांगला.

दरम्यान शिष्यवृत्तीवर भट्ट १९६१-६२ मध्ये इटलीतील नेपल्सच्या कला अकादमीत शिकले आणि १९६४ ते १९६६ या काळात न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. तेथून ते एक विद्या घेऊन आले. ती म्हणजे धातूच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून त्यावरून ठसे काढण्याची. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, तो सुईने खरवडून चित्र रेखाटतात आणि पत्रा अम्लात बुडवितात. थर जेथे निघाला तेथे अम्ल धातू खाते व रेषा खोल जाते. मग त्या खोबणींत शाई भरून वरचा भाग पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राखालून काढतात. कागदावर चित्र उलटे येते, म्हणून अक्षरे पत्र्यावर उलटी लिहावी लागतात. भट्टांच्या ठशांत गुजराती अक्षरे, गोंदणाच्या आकृत्या, पोपट, मोर, कल्पवृक्ष पुन्हा पुन्हा येतात. परदेशातून शिकून आलेल्या तंत्रातून त्यांनी काठेवाडच्या आयाबायांच्या हातावरचे गोंदण छापले. बडोद्यास परतल्यावर त्यांनी ही विद्या उत्साहाने वाटली. जेराम पटेल, भूपेन खखर, गुलाममोहम्मद शेख यांसारखे सहकारी या माध्यमाकडे वळले, त्यात भट्टांच्या उत्साहाचा वाटा होता असे मानले जाते.

१९६७ च्या सुमारास गुजरातमधील लोककलांवर एक परिसंवाद व्हावयाचा होता. त्यासाठी छायाचित्रे हवी होती आणि ते काम भट्टांकडे आले. एवढे निमित्त. परंतु गावोगाव हिंडताना त्यांच्या ध्यानात आले की, जे पाहण्यासाठी आपण आलो आहोत ते फार दिवस राहणार नाही. परिसंवाद आटोपला आणि काम संपले नाही, ते पुढे अनेक वर्षे चालू राहिले. मूर्तिकार व छायाचित्रकार राघव कनेरिया अनेकदा त्यांचे सहप्रवासी असत. सौराष्ट्र आणि कच्छपासून सुरुवात करून ते राजस्थान, मध्य प्रदेश, बंगाल आणि इतरत्र गेले. सुट्ट्यांत हिंडावे आणि एरवी वर्गात शिकवावे, असा क्रम होता.

त्यांनी काय टिपले हे थोडक्यात सांगावयाचे तर, राजस्थानातील मीणा स्त्रियांनी गेरूने सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या खडूमातीने काढलेले मांडणे, कच्छ-सौराष्ट्रातील घरांचे आतून मातीत उठविलेले नक्षीकाम, भरतकामाची तोरणे, गोंदलेले हात आणि चेहरे. ही छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत. पांढरी रेषा आणि गडद जमीन यांच्या नात्याला तो माध्यमाचा स्वभावच जुळतो. आम्हांला त्यांतील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नोंद करणारा संशोधक बहुधा माणसांना बाजूला करून चित्र टिपतो. भट्टांच्या छायाचित्रांत घरातील माणसे असतात. रंगविलेल्या भिंतीला टेकून बसलेली म्हातारी, दारात उभी असलेली मुले, अंगणातील गुरे, खुंटीला टांगलेल्या वस्तू. चित्र कोठे आहे, त्याच्याजवळून कोण ये-जा करते आणि ते किती उंचीवर काढले आहे, हे सारे त्यामुळे कळते. आमच्या आत्यांच्या छायाचित्रात जमीन चुकून आली होती. येथे माणूस आणि जमीन दोन्ही जाणूनबुजून आहेत.

त्या चित्रांच्या नाहीसे होण्याची कारणे काही गूढ नाहीत. मातीचे घर दर वर्षी, बहुधा दिवाळीपूर्वी, लिंपावे लागते. लिंपले की भिंत कोरी होते आणि कोरी भिंत चित्राला बोलावते. सिमेंटची भिंत एकदा तैलरंगाने रंगविली की दहा वर्षे तिच्याकडे पाहावे लागत नाही. कोणी चित्रे बंद करा असे सांगितले नाही. केवळ भिंत कोरी होण्याचा प्रसंग येईनासा झाला. आमच्या घरांतही हेच घडले. वाडा पाडून सदनिका आल्या आणि अंगण गेले. दारासमोर दीड हात फरशी उरली, तिच्यावर चिकटविण्याची छापील रांगोळी बाजारात मिळू लागली. चैत्रगौर अजूनही बसते, डाळ-पन्हेही होते. चैत्रांगणाला जागा राहिली नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. जे चित्र मुळात पुसण्यासाठीच काढले जाते त्याचे छायाचित्र घेऊन आपण नेमके काय वाचवितो? मांडणा दुसऱ्या दिवशी पुसट होतो आणि सणाला पुन्हा काढला जातो. त्याचे आयुष्य रेषेत नसून पुन्हा काढण्यात आहे. छायाचित्राने एका दिवसाची एक रेषा धरून ठेवली, परंतु ती काढणारा हात त्यात येत नाही. उलट धोकाही आहे. एकदा पुस्तकात छापले गेले की तेच ‘खरे’ चित्र ठरते आणि ज्या कलेत प्रत्येक घराचा हत्ती निराळा होता तेथे सर्वांचे हत्ती एकसारखे होऊ लागतात. आणखी एक बोच आहे. त्या काळातील लोककलांच्या नोंदींत गावाचे नाव असते, जातीचे वा जमातीचे नाव असते. काढणारीचे नाव बहुधा नसते. त्याच आकृत्या शहरातील चित्रकाराच्या चौकटीत आल्या की तिला नाव, साल आणि किंमत मिळते. हा दोष एका व्यक्तीचा नाही, त्या सबंध काळाच्या दृष्टीचा आहे. पण तो होता हे मान्य केले पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला भट्टांच्या छायाचित्रांत पूर्णपणे मिळत नाही. ते त्यांच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या अंगात, म्हणजे शिक्षकपणात मिळते. मुद्राचित्राचे तंत्र हे पुस्तकातून येणारे नव्हे. पत्रा अम्लात किती वेळ ठेवावा, शाई पुसताना तळहाताचा किती दाब द्यावा, हे शेजारी उभे राहूनच कळते. आजीशेजारी बसून नात रांगोळीची चिमूट धरावयास शिकत असे, तशीच ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते. भट्टांनी एका हाताने जे पुसले जात होते ते टिपले आणि दुसऱ्या हाताने जे येत होते ते शिकविले. ही दोन कामे त्यांच्या आयुष्यात शेजारी शेजारी चालली. त्यांतील केवळ पहिले घडले असते तर हाती एक उत्तम पण उदास संग्रह राहिला असता. केवळ दुसरे घडले असते तर विद्यार्थ्यांना तंत्र मिळाले असते, पण आपल्या आजीच्या अंगणातही पाहण्यासारखे काही होते, हे समजले नसते.

त्यांच्या कॅमेऱ्याचा आणखी एक विषय होता, तो म्हणजे त्यांची स्वतःची संस्था. ललितकला विद्याशाखेत १९६० च्या दशकात ‘फाइन आर्ट्स फेअर’ नावाची जत्रा भरू लागली. अध्यापक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, बाहुल्या, मुखवटे, भांडी बनवीत आणि शहरातील लोक ती घेण्यासाठी गर्दी करीत. थोर चित्रकार म्हणून ज्यांची नावे पुढे झाली ती माणसे येथे पुठ्ठे कापताना आणि खळ लावताना दिसत. भट्टांनी ही जत्रा, वर्गातील कामे, सहकारी, पाहुणे कलावंत, बडोद्याच्या इमारती हे सारे वर्षानुवर्षे टिपले. तेव्हा ते इतिहास लिहीत आहेत असे फारसे कोणाच्या मनात आले नसेल. आज त्या संस्थेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ही छायाचित्रे वगळून पुढे जाता येत नाही. आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या, वाचनालयांच्या आणि गणेशोत्सवांच्या शंभर-शंभर वर्षांच्या वाटचाली साजऱ्या होतात तेव्हा स्मरणिकेत काय छापावयाचे म्हणून धावाधाव होते. त्या वेळी अशा एका माणसाची उणीव आम्हांला फार जाणवते.

पुढे हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने बडोद्यातील चार अध्यापक-कलावंतांचे, म्हणजे भट्ट, सुब्रमण्यन, रतन परिमू आणि गुलाममोहम्मद शेख यांचे व्यक्तिगत दप्तर अंकरूपात जतन केले. भट्टांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह बंगळूरच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’कडे गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते संग्रहालय लोकांसाठी खुले झाले तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांपैकी एक त्यांच्या छायाचित्रांचे होते. २०१९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबेन या मृत्पात्रकलेतील नामवंत कलावंत आणि त्याच विद्याशाखेत अनेक वर्षे अध्यापिका होत्या. जुलै २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. माती भाजून टिकविणारी पत्नी आणि मातीवरचे न टिकणारे चित्र टिपणारा पती, अशी ही शिक्षकांची जोडी बडोद्याने पाहिली. मार्च २०२४ मध्ये ज्योतीभाईंच्या वयाला नव्वद वर्षे पूर्ण झाली.

बडोद्यात तयार झालेला संग्रह हाँगकाँग आणि बंगळूर येथे राहावा, याचे काही बडोदेकरांना वाईट वाटते. आम्हांलाही थोडे वाटले. परंतु जेथे जपणूक होईल तेथे तो गेला हे उचितच झाले. गावाचा अभिमान हा वाळवीवरचा उपाय नव्हे. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरील मोडी दप्तरांचे आणि काचेच्या निगेटिव्हांचे काय झाले, हे आपण सारेच जाणतो. आमच्या घरी असलेली काचेच्या निगेटिव्हांची एक पेटी वाडा सोडताना रद्दीबरोबर गेली. ती कोणी दिली याचा शोध घेण्यात अर्थ नाही, कारण ती राखण्यासारखी आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

गेल्या चैत्रात आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंकडे आम्ही मुद्दाम गेलो आणि चैत्रांगणातील चिन्हांची नावे सांगण्याची विनंती केली. त्यांनी मोजावयास प्रारंभ केला आणि अठ्ठावीसवर त्या थांबल्या. ‘आणखी होती, पण हातात रांगोळी घेतल्याशिवाय आठवणार नाहीत,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या नातीने पाट बाजूला सारला, फरशी पुसली आणि रांगोळीचा डबा पुढे केला. बाईंना खाली बसवत नव्हते, म्हणून त्या खुर्चीत बसून सांगत गेल्या आणि नात काढीत गेली. मध्येच त्यांनी वाकून तिचे बोट धरून कासवाची पाठ फिरवून दाखविली. एकोणतिसावे आणि तिसावे चिन्ह त्या वेळी आठवले. पुढची आठवली नाहीत.

आम्ही त्याचे छायाचित्र घेतले. चौकटीत रांगोळी आहे, नातीचा हात आहे आणि खुर्चीतल्या बाईंचा वाकलेला खांदाही आहे. मागे दोघींची नावे, गाव, तिथी आणि वर्ष लिहून ठेवले. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवा येथील वाचकांच्या घरीही असे काही ना काही असेल. जिवतीच्या पूजेआधी भिंतीवर काढलेले चित्र, नागपंचमीला पाटावर गंधाने रेखलेले नाग, गौरीची पावले. त्यांचे छायाचित्र अवश्य घ्यावे आणि ते घेताना काढणारीला चौकटीबाहेर जाण्यास सांगू नये. तिचे नाव लिहावे. आणि छायाचित्र घेऊन झाल्यावर रांगोळीचा डबा घरातील लहान मुलाच्या हाती द्यावा.